तीनशे चाळीस मीटर

पीडी सर चालत नसत, मोजत जात. स्टाफरूमपासून मैदानाच्या फाटकापर्यंत दोनशे बारा पावलं, फाटकापासून चिंचेपर्यंत एकशे साठ, चिंचेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत चौऱ्याण्णव. हे आकडे त्यांना पाठ होते, तरी रोज नव्याने मोजत. कोणाच्या लग्नाला गेले तरी मांडवात शिरताना त्यांचे ओठ हलत असायचे. पंगतीत बसल्यावर शेजारच्याला सांगायचे, "चाळीस बाय साठ फूट आहे. व्हॉलीबॉलचं एक ग्राउंड बसते, पण सर्व्हिस टाकाले जागा नाही." नवरा कसा दिसतो, नवरी कोणाची, याकडे त्यांचं लक्ष नसे.

फिजिकल डायरेक्टर हे त्यांचं पद. आमच्या भागात त्याचं पीडी झालं आणि मग तेच त्यांचं नाव झालं. एसटीचा कंडक्टर, पोस्टमन, किराणा दुकानदार, सगळे पीडी सर म्हणत. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. त्याही एखाद्या मुलीवर रागावल्या की म्हणायच्या, "थांब, तुमच्या पीडी सरांले सांगतो."

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल मला राग आहे त्यातले बरेच जण आता हयात नाहीत, आणि जे आहेत ते म्हातारे झाले आहेत. एवढं सांगते की भंडारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागून ते कॉलेज सत्तरच्या सुमारास सुरू झालं. सर त्याआधी तुमसरच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होते. वयाच्या चाळिशीत ते कॉलेजवर आले, कारण मुलाखतीत त्यांना पाच एकर मैदान दाखवण्यात आलं होतं. मैदान म्हणजे तेव्हा नांगरलेल्या सहा बांध्याच होत्या. पहिल्या दोन वर्षांत सरांनी पोरांना घेऊन त्यांचे धुरे, म्हणजे मधले बांध, फोडले, माती पसरली, बैलजोडी मागून आणून वखर फिरवला. काळी चिकट माती. पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुतायचा आणि एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडायच्या की धावणाऱ्याचा पाय मुरगळावा. सर मुरूम मागत राहिले. मुरूम आला नाही.

त्याहून मोठं दुखणं कोपऱ्याचं होतं. चारशे मीटरचा ट्रॅक बसायला मैदानाचा ईशान्येकडचा कोपरा हवा होता, आणि तिथली एक बांधी संस्थेच्या अध्यक्षांच्या चुलतभावाची होती. "घेऊन टाकू," असं अध्यक्ष पहिल्याच वर्षी म्हणाले होते. सरांनी त्या शब्दावर विश्वास ठेवून ट्रॅक आखला तो तीनशे चाळीस मीटरचा, तात्पुरता म्हणून. दर जूनमध्ये ते त्या बांधीसाठी अर्ज लिहीत. अक्षर सुंदर, भाषा नम्र, शेवटी 'आपला विश्वासू'. दर दिवाळीच्या आत उत्तर येई, 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' पुढे पुढे सर ती उत्तरं उघडतही नसत. म्हणत, "विचार करून राहिले ते. मोठे लोक आहेत, वेळ लागते."

मी आसगावची. आमच्या घरी धानाची शेती आणि दोन म्हशी. मॅट्रिकनंतर बाबांनी मला मामांकडे ठेवलं, कारण कॉलेज मामांच्या गावी होतं. धावण्याशी माझा संबंध एवढाच की उशीर झाला की मी कॉलेजला पळत जायची. एका सकाळी फाटकाशी सरांनी मला अडवलं. मला वाटलं, उशिराबद्दल बोलतील. ते म्हणाले, "चपला काढ अन् चिंचेपर्यंत जाऊन वापस ये." मी गेले, आले. त्यांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "उद्यापासून साडेपाचले. मामाले मी सांगतो."

मामांना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण मामा हो म्हणाले. आम्ही सात मुली होतो. साड्या नेसून यायचो आणि स्टोअरच्या खोलीत बदलून भावांच्या हाफपँटी घालायचो. मैदानाच्या कडेने जाणारी माणसं सायकली थांबवून बघत उभी राहत. सर त्यांच्याशी भांडत नसत. ते जवळ जाऊन म्हणत, "या, आत या. गोळाफेकीले दोन माणसं पाहिजेच होते." माणसं सायकलवर टांग टाकून निघून जात.

सरांची एक रीत मला तेव्हा आवडत नसे. चांगलं झालं तर ते काही बोलत नसत. वाईट झालं तर मात्र बारीक आवाजात, न रागावता, नेमकं काय चुकलं ते सांगत. ओरडणाऱ्या माणसावर चिडता तरी येतं. "तू शेवटच्या वळणावर मागे पाहिलंस. मागे काय होतं?" एवढंच विचारत. मी म्हणे, "काही नाही सर." "मंग पाहिलं काहून?" दुसऱ्या दिवशी वळणावर मान आपोआप सरळ राहायची.

सेकंड इयरला नागपूरला विद्यापीठाच्या स्पर्धा होत्या. प्राचार्यांनी मुलांचा संघ मंजूर केला आणि मुलींच्या अर्जावर लिहिलं, 'सोबत महिला प्राध्यापक नसल्याने परवानगी देता येत नाही.' कॉलेजात महिला प्राध्यापक एकही नव्हती, हे प्राचार्यांना ठाऊक होतं. सर दुसऱ्या दिवशी काकूंना घेऊन त्यांच्या खोलीत गेले. "ही महिला आहे. प्राध्यापक मी आहे. दोघं मिळून जाऊन राहिलो," असं म्हणाल्याचं शिपायाने बाहेर सांगितलं. काकू आमच्याबरोबर आल्या, स्टोव्ह आणि पोह्यांची पिशवी घेऊन. तीन दिवस त्यांनी आमचे केस विंचरले, कपडे वाळवले आणि मैदानाच्या दोरीशी पदर खोचून उभ्या राहिल्या. म्हणायच्या, "मले त्यातलं काही समजत नाही. पण पहिली कोण आली ते तं दिसते नं."

माझी शर्यत आठशे मीटरची होती. आमच्या ट्रॅकवर आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या आणि वर साधारण एक तृतीयांश. दुसरी फेरी संपली की उरलेला सगळा दम सोडायचा, हे वर्षभर अंगात मुरलेलं. नागपूरचा ट्रॅक चारशेचा. तिथे दोन फेऱ्यांत शर्यत संपते. सरांनी मला आदल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं, आणि मलाही हिशेब कळत होता. पायांना कळला नाही. मी दुसरी फेरी संपायची वाट बघत धावत राहिले, आणि फेरी संपली तेव्हा शर्यतही संपली होती. मी तिसरी आले. दम तसाच शिल्लक होता. धावणाऱ्याला यापेक्षा मोठी लाज नसते. मी दोरीपलीकडे जाऊन रडले. काकूंनी पाणी दिलं. सर आले, आणि पहिल्यांदाच त्यांनी चूक सांगितली नाही.  त्या ट्रॅककडे बघत म्हणाले, "हे तुझं चुकलं नाही. हे साठ मीटर माझे आहेत."

तरी निवड करणाऱ्यांनी मला पाहिलं होतं. विद्यापीठाच्या संघासाठी पंधरा दिवसांचं शिबिर आणि नंतर दक्षिणेत कुठेतरी आंतरविद्यापीठ स्पर्धा, त्याचं पत्र कॉलेजवर येईल असं त्यांनी सांगितलं. मी रोज ऑफिसच्या खिडकीशी जायची. पत्र आलं नाही. शिबिराची तारीख वर्तमानपत्रात वाचली तेव्हा ती उलटून चार दिवस झाले होते. मी ऑफिसातल्या बाबूंवर चिडले, तुमच्या टेबलावर पडून राहिलं असणार म्हणाले. बाबू शांतपणे म्हणाले, "तुझं पत्र केव्हाचंच आलं. पीडी सर सही करून घेऊन गेले."

सर स्टोअरमध्ये रेषा मारायच्या चुन्याच्या फक्कीची पोती रचत होते. मी विचारलं. त्यांनी हातातलं पोतं खाली ठेवलं.

"होय. मीच ठेवलं."

"काहून सर?"

"तुझे बाबा आले होते घरी. घरचे वासाचे चिन्नोरचे तांदूळ घेऊन. तांदूळ मी वापस केले." मग म्हणाले, "तुझी सोयरीक जुळून राहिली आहे. पोरगी पंधरा दिवस परमुलखात गेली तं पोराकडले पाहुणे फिरतीन म्हणाले. माझ्या पायाले हात लावला त्यांनी. रडले."

"मग तुम्ही?"

"प्राचार्याशी मले भांडता येते. अध्यक्षाशी येते. रडणाऱ्या माणसाशी कसं भांडाचं ते मले नाही आलं."

"मले विचारलं तरी असतं," मी म्हणाले.

 सर खाली वाकून पोत्याचं तोंड बांधू लागले. मी निघाले तेव्हा त्यांनी हाक मारली नाही, आणि मारली असती तरी मी थांबले नसते. त्या दिवसापासून मी मैदानावर गेले नाही. मामांच्या घरून कॉलेजला जायचा जवळचा रस्ता मैदानावरून होता. मी लांबचा धरला. बाबांवर मी कधी एवढी रागावले नाही. ते बाप होते, भ्याले, त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती. सरांकडून होती.

सोयरीक जुळली. मालक, म्हणजे माझे यजमान, जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला. आम्हाला क्वार्टर मिळालं, दोन खोल्या आणि मागे अंगण. सकाळी फॅक्टरीची बस यायची, डबा हातात देऊन मी दारात उभी राहायची, आणि मग दिवसभर सासूबाई आणि मी. वाईट काही नव्हतं. पण संध्याकाळी क्वार्टरांच्या मधल्या रस्त्यावर पोरं पळताना दिसली की मी आत जायची.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील. एका रविवारी दुपारी दारात पीडी सर. कॉलेजच्या गावाहून सायकलने आले होते, सदरा घामाने अंगाला चिकटलेला. सासूबाईंनी पाणी दिलं. सरांनी पिशवीतून एक फॉर्म काढला. शारीरिक शिक्षणाच्या एक वर्षाच्या कोर्सचा. मालक हात पुढे करून घ्यायला गेले तर सर म्हणाले, "माफ करा, हा तिच्याच हाती द्याचा आहे." आणि मला म्हणाले, "एक कागद मी तुझ्यापासून लपवला. हा देऊन राहिलो. फाडाचा असला तं तू फाड. दुसऱ्या कोणी नाही."

सासूबाई म्हणाल्या, "लग्न झालेली बाई हाफपँट घालून उड्या मारीन काय आता?"

"नाही मावशी," सर म्हणाले, "आता ती दुसऱ्यायले माराले लावीन. पगार भेटते त्याचा."

मालक हसले. ते तसे मोकळ्या मनाचे होते, फक्त त्यांना कोणीतरी विचारावं लागे. मी फॉर्म भरला. कोर्स केला, आणि पुढे जवळच्याच एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले. लोक म्हणतात, बघा, सरांनी भरपाई केली. मला तसं वाटत नाही. नोकरी मिळाली हे खरं, त्यांच्यामुळे मिळाली हेही खरं. पण आठशे मीटर मी पुन्हा कधी धावले नाही, आणि माझ्यात किती दम होता ते मला कधीच कळलं नाही. सरांना मी तसं तोंडावर सांगितलंही. ते म्हणाले, "बरोबर आहे." इतकंच.

तोवर मैदान खचत चाललं होतं. लग्नसराईत संस्था ते भाड्याने देऊ लागली. मांडवाच्या बल्ल्यांचे, म्हणजे लाकडी खांबांचे, खड्डे सर जूनपर्यंत बुजवत राहत. निवडणुका आल्या की सभा. धान निघालं की कोणा व्यापाऱ्याचे ढीग वाळायला. सर हेलपाटे घालत, अर्ज करत, स्वतः फावडं घेऊन उभे राहत. प्राचार्य बदलले, नवे आले, नव्यांनाही तेच सांगावं लागलं. एकदा मी भेटायला गेले तेव्हा सर लंगडत होते. बल्लीच्या खड्ड्यात पाय गेला होता. काकू हळद लावता लावता म्हणाल्या, "पंधरा वर्षं झाले, हा माणूस खड्डे बुजवून राहिला. लोकं खणून राहिले."

मग विज्ञान शाखेची इमारत आली. गावाला विज्ञान शाखा हवी होती, यात खोटं काही नाही. पण रस्त्याच्या बाजूला पडीक जागा असताना ती मैदानावर का, हे कोणी सांगितलं नाही. सरांनाही कळवलं नव्हतं. जिल्हास्तरीय स्पर्धा दोन दिवसांवर होत्या, म्हणून त्यांनी संध्याकाळी फक्कीने सगळ्या रेषा मारल्या. सकाळी आले तर ट्रॅकवर मंडप, सतरंज्या, भटजी आणि अध्यक्ष. सर कडेला उभे राहिले. पूजा होऊ दिली, नारळ फुटू दिला. मग पुढे होऊन, त्याच बारीक आवाजात, अध्यक्षांना म्हणाले, "साहेब, नारळ माझ्या तिसऱ्या लेनमध्ये फुटला."

अध्यक्ष मोठ्याने हसले. सगळे हसले. गावात ते वाक्य विनोद म्हणून कितीतरी दिवस फिरलं, माझ्यापर्यंत जवाहरनगरला आलं. मीही ऐकून हसले, आणि मग माझं मलाच वाईट वाटलं. स्पर्धा त्या वर्षी दुसरीकडे हलवल्या. उरलेल्या जागेत दोनशे मीटरचा ट्रॅक बसला, तोही वळणावर भिंतीला कोपर घासेल असा.

निवृत्तीचा समारंभ त्याच नव्या इमारतीच्या हॉलमध्ये झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. सरांच्या शिस्तीबद्दल, त्यागाबद्दल, मैदानावरच्या प्रेमाबद्दल सगळे भरभरून बोलले. ज्या अध्यक्षांनी ते मैदान खाल्लं त्यांनी तर बोलता बोलता खरोखर डोळे पुसले. खोटं नव्हतं ते, हेच मला सहन होईना. सर उत्तराला उभे राहिले. "मी आलो तेव्हा ट्रॅक तीनशे चाळीसचा होता. जाऊन राहिलो तं दोनशेचा आहे. बाकी तुम्ही सगळ्यायनं चांगलंच सांगितलं." आणि बसले. टाळ्या वाजवाव्या की नाही हे लोकांना कळेना. मी वाजवल्या. मग हळूहळू सगळ्यांनी.

त्यांची जागा भरली गेली नाही. वर्षभराने आमच्या शाळांच्या स्पर्धा त्या मैदानावर झाल्या तेव्हा अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक अतिरिक्त कार्यभार सांभाळत होते. भले गृहस्थ. हातात स्टॉपवॉच उलटं धरून मला म्हणाले, "मॅडम, मले यातलं काही समजत नाही. तुम्हीच घ्या सगळं." मी घेतलं. स्टोअरची खोली उघडली तर आत मोडकी बाकं छतापर्यंत रचलेली होती. गोळे, थाळ्या, भाले त्यांच्यामागे कुठेतरी होते. हात पोचला नाही.

त्या पावसाळ्यानंतर सर आजारी पडले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, पोटात पाणी झालं होतं. मी दुपारची बस पकडून गेले. ते खूप वाळले होते. काकू उशाशी बसून त्यांना मऊ भात भरवत होत्या. सरांनी चमचा बाजूला सारला आणि विचारलं, "माझ्या जागेवर कोणी आला काय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"आला आहे सर," मी म्हणाले. "तरुण आहे. सकाळी साडेपाचला मैदानावर असतो."

"अस्सं. मुली येतात काय त्याच्याकडे?"

"येतात. आठ-दहा."

"नाव काय त्याचं?"

मला एकही नाव सुचलं नाही. जिल्ह्यात हजार नावं, एकही जिभेवर येईना. काकू खिडकीबाहेर बघू लागल्या. सरांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या तोंडावर मी पूर्वी क्वचितच पाहिलेलं हसू आलं.

"खोटं बोलाचं असलं तं त्याची बी तयारी करून यावं लागते," ते म्हणाले. "जाऊ दे. तुझ्या पोरी कशा आहेत ते सांग. खरं सांग."

मी खरं सांगितलं. एकेकीचं टायमिंग सांगितलं. एक मुलगी सुरुवातीला फार छान धावते आणि शेवटच्या शंभर मीटरला खांदे वर चढवून आखडते, तेही सांगितलं. काय केलं तरी सुधारत नाही, मी म्हणाले. सरांचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं, झोप लागली. मग त्यांनी चादरीबाहेर उजवा हात काढला, मूठ अगदी सैल धरली, अंगठा बोटावर नुसता टेकवला.

"हातात चिमणीचं पिल्लू आहे समज, असं तिले म्हण. मूठ आवळली तं मरीन. मूठ ढिली झाली का खांदे खाली येतात. खांद्याले काही सांगू नको, त्याले ऐकू येत नाही."

सोमवारी मी त्या मुलीला तसंच सांगितलं. पहिल्या दोन वेळा ती हसली. तिसऱ्या वेळी तिची मूठ सुटली, खांदे उतरले, आणि शेवटचे शंभर मीटर ती अशी आली की बाकीच्या मुली धावायच्या थांबून बघत राहिल्या. रविवारी भंडाऱ्याला जाऊन सरांना हे सांगायचं असं मी ठरवलं होतं. शुक्रवारी सकाळी, प्रार्थनेच्या वेळी, काकूंचा निरोप आला.